डोपिंग, धरलेले घोडे आणि आपण : पंटरने करायचं तरी काय?

अबलख

रेसिंगमधल्या फसवणुकीचा विषय निघाला की ट्रेनर बोलतात, मालक बोलतात, क्लब निवेदन काढतो. ज्याच्या खिशातल्या पैशावर हा सगळा डोलारा उभा आहे त्या पंटरला, म्हणजे पैज लावणाऱ्याला, कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

आधी दोन निकाल शेजारी-शेजारी ठेवतो.

२०१९ ची केंटकी डर्बी, अमेरिकेतली मोठी शर्यत. मॅक्सिमम सिक्युरिटी पहिला आला, पण वळणावर बाहेर सरकून त्याने इतरांची वाट अडवली, असा आक्षेप आला. स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, २२ मिनिटं चित्रफिती पाहिल्या, त्याला खाली उतरवलं आणि कंट्री हाउसला विजेता ठरवलं. भाव ६५ ला १. दोन डॉलरच्या विन (घोडा पहिला येईल या) तिकिटाला १३२.४० डॉलर मिळाले आणि मॅक्सिमम सिक्युरिटीवाल्यांची तिकिटं कचऱ्यात गेली.

२०२१ ची डर्बी. मेडिना स्पिरिट पहिला. दोन डॉलरला २६.२० डॉलर वाटून झाले. नंतर नमुन्यात बीटामेथासोन सापडलं, फेब्रुवारी २०२२ मध्ये घोडा बाद झाला आणि दुसरा आलेला मँडालून विजेता ठरला. मँडालूनवर विन लावून बसलेल्यांच्या हाती काय पडलं? शून्य. बक्षिसाची रक्कम फिरली, नोंदवहीतलं नाव फिरलं, तिकिटाचा हिशेब जसाच्या तसा.

फरक एवढाच की पहिल्या वेळी निकाल 'ऑफिशियल' व्हायच्या आत गडबड उघड झाली, दुसऱ्या वेळी नंतर. निकाल अधिकृत झाला की पैशांचा व्यवहार बंद, हा नियम थोड्याफार फरकाने सगळीकडे आहे. तो वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस-आठवडे लागतात, तोवर पूल, म्हणजे सगळ्यांच्या पैजांचे एकत्र पैसे, अडकवून ठेवला तर खेळच थांबेल.

पण मग याचा अर्थ असा की डोपिंगवर पंटरला जे काही करायचं ते रेसच्या आधी करावं लागतं. नंतर त्याच्या हातात फक्त चरफडणं उरतं. माझा स्वतःचा नियम: ज्या तबेल्याबद्दल मनापासून शंका आहे, त्याचा घोडा ज्या रेसमध्ये आहे तिथे पैसे लावायचे नाहीत. त्याच्यावरही नाही आणि त्याच्याविरुद्धही नाही. बाकीच्यांचं काय म्हणणं?

रोकडा

अबलखराव, भावना पोचल्या, पण हे संतपण परवडत नाही. एखादा ट्रेनर दहातल्या तीन रेस मारतोय, कशाने मारतोय ते त्याचं त्याला माहीत. मी पोलीस नाही. त्याच्यावर लावायचं, पैसे घ्यायचे, घरी जायचं. तुम्ही बाहेर बसलात म्हणून तो सुधारणार आहे का?

सुपारीफुटे

रोकडा +१. सगळ्यांनाच माहीत असतं कोण काय करतो. ज्याला माहीत नसतं तो हरतो.

गणितवेडी

रोकडा, नीतीचा मुद्दा बाजूला ठेवू. फक्त पैशांचं बघू या, कारण तुमचा युक्तिवाद तिथेच कोसळतो.

समजा टोटच्या (सामायिक पुलाच्या बेटिंगच्या) विन पुलातून १७ टक्के कापले जातात. म्हणजे वाटायला ८३ टक्के उरले. तुमचा घोडा खरोखर ३० टक्के वेळा जिंकतो. तो फायद्याचा कधी? पुलातला त्याचा वाटा ०.८३ गुणिले ०.३०, म्हणजे जेमतेम २५ टक्क्यांच्या आत असेल तेव्हा. आता "सगळ्यांनाच माहीत असतं" हे तुमच्याच बाजूचे सुपारीफुटे म्हणतायत. सगळ्यांना माहीत असेल तर सगळे त्याच्यावरच लावणार. वाटा ३५ टक्क्यांवर गेला की १०० ला परत मिळणार २३७. दहा वेळा लावा, तीनदा मिळवा: हजार घालून ७११ हाती. विजय भरपूर दिसतात, तिकीटखिडकीवर रुबाब होतो आणि वर्षअखेर खिसा फाटका.

दुसरं म्हणजे तबेल्यातला हा औषधाचा नळ कधी बंद होतो ते तुम्हाला कळत नाही. नवी चाचणी आली, तपासनीस येऊन गेले, पुरवठादार पकडला गेला, की तो ट्रेनर गुपचूप थांबतो. आतल्या लोकांना त्याच दिवशी समजतं. तुम्हाला समजतं पंधरा-वीस घोडे हरल्यावर, आणि भाव तोवर जुन्या कीर्तीचाच लागत असतो.

रोकडा

हिशेब मान्य. पण मी पुलात खेळत नाही, बुकीकडे सकाळचा भाव पकडतो. ३० टक्केवाल्याला तीनला एकचा भाव मिळाला तर?

गणितवेडी

मिळाला तर लावा, गणित तुमच्या बाजूने आहे. सातत्याने मिळतो का, आणि मिळत राहिला तर बुकी तुमचं खातं किती दिवस चालू ठेवतो, हे तुम्हीच सांगा.

खूर_आणि_नाल

पशुवैद्यकाच्या बाजूने थोडं लिहिते. 'डोपिंग' या एकाच गाठोड्यात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि मग चर्चा भरकटते.

पहिली गोष्ट, उपचाराच्या औषधाचा उरलेला अंश. सांध्यात दिलेलं स्टेरॉइड, वेदनाशामक, त्वचेचं मलम. औषध कायदेशीर असतं, पण रेसच्या दिवशी ते अंगात असता कामा नये. मेडिना स्पिरिटच्या रक्तात दर मिलिलिटरला २१ पिकोग्रॅम सापडलं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याने घोडा पळाला का, हा प्रश्न वेगळा. नियमाने ते चालत नव्हतं, हे वेगळं. १९६८ च्या डर्बीत डान्सर्स इमेज बाद झाला तोही फिनाइलब्युटाझोनपायी, जे साधं दाहशामक आहे.

दुसरी गोष्ट, रेसच्या दिवशीचा उद्योग. 'मिल्कशेक' हा त्यातला जुनाजाणता. नाकातून नळी घालून खाण्याचा सोडा, साखर, क्षार यांचं पाणी थेट पोटात. स्नायूंत आम्ल साठायला लागलं की घोडा थकतो, सोड्याने ती थकावट लांबते असा हिशेब. रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजून हे पकडतात. ऑस्ट्रेलियात मर्यादा लिटरला ३६ मिलिमोल आहे. मर्यादा कळली की तिच्या जरासं खाली राहणारे निघतातच.

तिसरी गोष्ट खरी भयंकर. ईपीओसारखी द्रव्यं. ती रक्तातल्या लाल पेशी वाढवतात. औषध काही दिवसांत शोधण्यापलीकडे जातं, वाढलेल्या पेशी मात्र आठवडे राहतात. त्यामुळे रेसनंतर घेतलेल्या नमुन्यात बहुतेकदा काही सापडत नाही. यासाठी तबेल्यात अचानक जाऊन रक्त घ्यावं लागतं. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला गोडॉल्फिन या बड्या रेसिंग संस्थेच्या एका तबेल्यात तपासनीस असेच गेले, ४५ घोडे तपासले, त्यातल्या ११ मध्ये ॲनाबॉलिक स्टेरॉइड निघालं. ट्रेनर महमूद अल झरूनीला आठ वर्षांची बंदी.

पंटरसाठी यातला अर्थ असा की 'पॉझिटिव्ह आला' ही बातमी बऱ्याचदा पहिल्या प्रकारची असते आणि तुमचे पैसे खाणारा तिसऱ्या प्रकारचा असतो, ज्याची बातमीच येत नाही.

अबलख

नेमकं. आणि मी वर ज्या मॅक्सिमम सिक्युरिटीचं नाव घेतलं त्याची पुढची गोष्ट हीच आहे. फेब्रुवारी २०२० च्या शेवटच्या दिवशी तो दोन कोटी डॉलरचा पहिला सौदी कप जिंकला. पंधरवड्याच्या आत त्याचा ट्रेनर जेसन सर्व्हिस आणि दुसरा नामांकित ट्रेनर होर्हे नवारो यांच्यासह दोन डझनांहून जास्त लोकांवर अमेरिकेत आरोपपत्र. नवारोला पाच वर्षं, सर्व्हिसला चार वर्षं कैद झाली. आणि हे काही लघवीच्या बाटलीतून पकडलं नव्हतं. एफबीआयने फोन ऐकले होते. ऑस्ट्रेलियातही २०१७ मध्ये रेसच्या दिवशी घोड्याला सोडा देताना एक माणूस सापडला आणि त्याच्या फोनमधल्या निरोपांतून कित्येक वर्षांचं प्रकरण बाहेर आलं. प्रयोगशाळा गप्पच होती.

चिडका_पंटर

एवढं पांडित्य कशाला. सगळं फिक्स असतं. परवाच माझा फेव्हरिट धडधडीत धरला, मुद्दाम पळू दिला नाही. शेवटच्या दोनशे मीटरला जॉकीने चाबूक उचलला नाही. स्टुअर्ड आंधळे की विकलेले? मी पुढच्या रेसला डबल लावून वसूल केले म्हणून बरं, नाहीतर मेलो होतो.

पंचकल्याणी

चिडकेभाऊ, शेवटचं वाक्य परत वाचा. "फसवलं गेलो" म्हणून पुढच्या रेसला दुप्पट. ज्या खेळात आत्ताच आपल्याला लुटलं असं तुम्ही म्हणता, त्यातच दहा मिनिटांनी दुप्पट पैसे घातलेत. खरंच लुटलं असं वाटत असेल तर दिवस तिथेच संपायला हवा होता. हरण्याची जी जी कारणं असतात त्यात 'चीटिंग' हे सगळ्यात सोयीचं, कारण त्यात आपली निवड चुकली असं कधीच निघत नाही.

आता चाबकाचं. चाबूक उचलला नाही म्हणजे घोडा धरला असं होत नाही. काही घोडे चाबकाने उलट अंग चोरतात, आणि बऱ्याच देशांत फटक्यांवर मर्यादा आहे. धरलेला घोडा बघायचा असेल तर शेवटचे दोनशे मीटर सोडून आधीचं बघा. गेट उघडलं तेव्हा जॉकीचं वजन मागे होतं का? जागा असताना त्याने घोडा दुसऱ्यांच्या शेपटीमागे नेऊन कोंडला का? वळणावर सगळे आतून निघाले असताना हा चार घोडे बाहेरून का आला? आणि हात. प्रामाणिक जॉकीचे हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे जातात; धरणाऱ्याची कोपरं हलतात, खांदे हलतात, पण मुठी जागच्या जागी. लांबून मेहनत दिसते, लगाम मात्र ताणलेलाच असतो. समोरच्या कॅमेऱ्याची चित्रफीत मिळाली तर तिथे हे जास्त स्पष्ट दिसतं, बाजूच्या कॅमेऱ्यात लपतं.

आणि हे सगळं दिसूनही कधी कधी खरं कारण वेगळं निघतं. घोड्याच्या नाकातून रक्त आलं, नाल निघाला, खोगीर सरकलं. स्टुअर्ड्सचा अहवाल संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी येतो. तो वाचल्याशिवाय शिव्या देऊ नयेत.

चिडका_पंटर

अहवाल कोण वाचतं हो.

पंचकल्याणी

पंटरने वाचायचा. पुढच्या वेळी त्याच घोड्याचा भाव चांगला लागतो तो ज्यांनी वाचला नाही त्यांच्यामुळे.

तळटीप

कायद्याच्या बाजूने भर घालतो. नुकसान न्यायालयातून मिळतं का? अमेरिकेत प्रयत्न झालेत. २०१६ मध्ये न्यू जर्सीत हार्नेस रेसिंगच्या (छोट्या गाडीला घोडा जुंपून होणाऱ्या) एका शर्यतीतला विजेता घोडा ईपीओसाठी पॉझिटिव्ह निघाला. हरलेल्या एका पंटरने ट्रेनर आणि मालकावर दावा लावला आणि २०२० मध्ये २० हजार डॉलरवर तडजोड झाली. रक्कम छोटी, पण पंटरला काहीतरी मिळालं हे महत्त्वाचं. मेडिना स्पिरिट प्रकरणात मँडालून वगैरेंवर लावलेल्यांनी जे दावे केले ते मात्र न्यायालयांनी फेटाळले. सार असं की पैज लावणाऱ्याने निकालाच्या अंतिमतेचा नियम स्वीकारलेला असतो, तो नंतर मोडता येत नाही.

म्हणून अबलख म्हणतात ते "आधी" हे कायद्यानेही बरोबर ठरतं. तरीही तिकिटं, खात्याचे उतारे, लावलेल्या वेळेचा भाव हे जपून ठेवा. तडजोड झाली तर कागद असणाऱ्याचीच होते.

शंकेखोर_शशी

एक प्रश्न. घोडाच भलता असेल तर? म्हणजे नाव एकाचं, पळतोय दुसरा.

पंचकल्याणी

जुना धंदा. १८४४ च्या एप्सम डर्बीत रनिंग रेन नावाने जो जिंकला तो प्रत्यक्षात मॅकाबियस नावाचा चार वर्षांचा घोडा होता. डर्बी तीन वर्षांच्यांची. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक नावाच्या गृहस्थाने पाठपुरावा केला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला विजय मिळाला.

मला त्याहून आवडतं ते १९८४ चं ब्रिस्बेनमधलं फाइन कॉटन प्रकरण. फाइन कॉटनच्या जागी बोल्ड पर्सनॅलिटी हा वरच्या दर्जाचा घोडा उतरवला. रंग जुळत नव्हता म्हणून केसांना रंग लावला, पायांवर पांढरा रंग फासला. भाव ३३ ला १ वरून साडेतीन ला एकवर आला. एवढा पैसा एका टुकार घोड्यावर कुठून येतो हे बाजाराला दिसलं, आणि रेस संपल्यावर प्रेक्षकच ओरडायला लागले. घोडा त्याच दिवशी बाद झाला आणि दुसऱ्या आलेल्या हार्बर गोल्डवाल्यांना पैसे मिळाले. म्हणजे पंटरांनी आवाज केला तोही वेळेत, निकालाचा हिशेब बंद व्हायच्या आत.

आता मानेत मायक्रोचिप असते, त्यामुळे हा प्रकार फार अवघड झालाय. तरी २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या यार्मथला निव्वळ गोंधळातून दोन वर्षांच्यांच्या रेसमध्ये तीन वर्षांची घोडी पळाली आणि ५० ला १ ने जिंकली. चिप तपासल्यावर कळलं, पण तोवर 'वेइड इन', म्हणजे निकाल पक्का झाल्याची घोषणा, झाली होती. तिकिटं पन्नासच्या भावाने वसूल झाली.

शंकेखोर_शशी

म्हणजे तिथे दुसऱ्या आलेल्यावर लावणारा मेला.

पंचकल्याणी

नियमाने हो. काही बुकी अशा वेळी मेहेरबानी म्हणून दोन्हीकडे पैसे देतात, पण तो त्यांचा जाहिरातखर्च. हक्क नाही.

दूरचा_प्रेक्षक

सगळे हिशेब पंटरचे चाललेत. नवारोच्या प्रकरणातला एक्सवाय जेट २०१९ मध्ये दुबईला गोल्डन शाहीन जिंकला आणि जानेवारी २०२० मध्ये मेला. त्याला औषधं दिल्याचं नवारोने नंतर मान्य केलं. मेडिना स्पिरिटही डिसेंबर २०२१ मध्ये सरावात कोसळून गेला; शवविच्छेदनात औषधाशी संबंध सिद्ध झाला नाही, हेही नोंदवतो. मी काही वर्षांपूर्वी पैसे लावणं सोडलं. रेस अजून बघतो.

रोकडा

मग बघता तरी कशाला?

दूरचा_प्रेक्षक

घोडे पळताना बघायला आवडतात म्हणून. असो, अवांतर नको.

खूर_आणि_नाल

अवांतर नाही ते. दुखणं दडवून पळवलेला घोडा पडतो तेव्हा जॉकीही पडतो, मागचे दोघे-तिघेही. वेदनाशामकाचा नियम पंटरचं नुकसान टाळायला केलेला नाही, मुळात त्यासाठी आहे. अमेरिकेत २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय प्राधिकरण आलं आणि मे २०२३ पासून औषधांचा एकच कार्यक्रम लागू झाला, त्याआधी प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी होती. एका राज्यात चालणारं औषध शेजारी गुन्हा.

हरकाम्या

माझ्या व्हॉट्सॲपवर रोज कुणीतरी "आज दवा दिलीय, नक्की" म्हणून टिप विकतो. एकदा दोनदा लागलीही. यावर कुणी बोलेना?

गणितवेडी

लागणारच. आठ घोड्यांची रेस असेल तर आठ गटांना आठ वेगवेगळ्या टिपा पाठवायच्या, एका गटाला तो देव वाटतो. पुढच्या रेसला त्याच गटाचे पुन्हा आठ भाग. शेवटी उरलेल्यांकडून मोठी रक्कम काढायची. त्याच्याकडे घोड्याची माहिती असायची गरजच नाही.

तळटीप

आणि समजा माहिती खरी निघाली तर ते जास्त वाईट. घोडा हरवणार आहेत हे आतून कळल्यावर बेटिंग एक्स्चेंजवर (जिथे पंटर एकमेकांविरुद्ध पैजा लावतात) तो 'ले' करणं, म्हणजे हरेल यावर पैसे लावणं, हा ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं कारवाईचा मुख्य विषय राहिलाय. एक्स्चेंजवर प्रत्येक पैज नावानिशी नोंदलेली असते आणि शंका आली की ती नोंद नियामकाला मिळू शकते. जॉकीला बंदी लागते तेव्हा यादीत ज्यांनी ले केलं त्यांचीही नावं असतात. "मी फक्त टिप ऐकली" हा बचाव तिथे फार चालत नाही.

घोडा जिंकवण्यापेक्षा हरवणं नेहमीच सोपं. १९९० मध्ये डॉनकास्टरला दोन घोड्यांना गुंगीचं औषध दिल्याचं निघालं होतं. औषधाचीही गरज नसते, रेसच्या तासभर आधी बादलीभर पाणी पाजलं तरी काम होतं.

संपादक_मंडळ_दोन

वरच्या पानावरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. ज्या ट्रेनर-जॉकींवर कारवाई झालेली नाही त्यांची नावं घेऊन आरोप करू नयेत. जाहीर निकालांवर मोकळेपणाने बोला.

अबलख

संपादकांशी सहमत. नाव घेऊन सोशल मीडियावर ओरडण्याने ट्रेनरचं काही बिघडत नाही, आपल्यावर बदनामीचा दावा मात्र होऊ शकतो. तक्रार करायचीच तर स्टुअर्ड्सकडे, लेखी, त्याच दिवशी: रेस क्रमांक, घोडा, कुठल्या खांबापाशी काय दिसलं, बाजारात भाव किती वाजता कसा हलला. "चोर आहेत सगळे" अशी तक्रार टोपलीत जाते. "८०० मीटरला आतून जागा असताना जॉकी बाहेर गेला, त्याआधी वीस मिनिटांत घोड्याचा भाव दोनवरून पाचवर गेला" अशी गेली तर निदान कुणाला तरी चित्रफीत लावावी लागते. एकट्याने पाठवलेलं पडून राहतं, एकाच रेसबद्दल दहा जणांकडून आलं तर नाही.

दुसरं, आपण मागायला हवं ते माहिती. हाँगकाँगला घोड्यांच्या आजारपणाच्या आणि दुखापतीच्या नोंदी, सकाळच्या सरावाच्या नोंदी क्लबच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. तिथे वर्षाला १०० अब्ज हाँगकाँग डॉलरहून जास्त उलाढाल होते, याचा आणि त्या उघडपणाचा संबंध नाही असं मला कुणी सांगू नये. याउलट २०१८ मध्ये अमेरिकेत जस्टिफायचा नमुना सांता अनिता डर्बीनंतर स्कोपोलामिनसाठी पॉझिटिव्ह आला होता, आणि लोकांना ते कळलं सप्टेंबर २०१९ मध्ये, वर्तमानपत्रातून. मधल्या काळात तो घोडा ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथल्या तीन मोठ्या शर्यती, जिंकून निवृत्तही झाला. स्कोपोलामिन धोत्र्याच्या जातीच्या तणातूनही पोटात जातं, त्यामुळे तो दोषी होता की नव्हता यात मी पडत नाही. माझी तक्रार लपवण्याबद्दल आहे. त्या उन्हाळ्यात ज्यांनी पैसे लावले त्यांना ही माहिती असायला हवी होती.

खूर_आणि_नाल

जस्टिफायबद्दल सहमत. दूषित चाऱ्याचे पॉझिटिव्ह खरोखरच येतात. पण "चाऱ्यातून आलं असेल" हे ठरवायचं कुणी, बंद दाराआड की उघड्यावर, हाच प्रश्न.

गणितवेडी

फसवणुकीची किंमत भावात आधीच धरलेली असते, याकडेही बघा. ह्यून साँग शिन या अर्थशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश बुकींच्या भावांवरून अंदाज काढला होता की लावलेल्या पैशांपैकी साधारण २ टक्के पैसा आतली माहिती असलेल्यांचा असावा. बुकी या लोकांना घाबरतो, म्हणून लांबच्या (जिंकायची शक्यता कमी असलेल्या) घोड्यांचे भाव मुद्दाम तोकडे ठेवतो. ५० चा भाव द्यायला हवा तिथे ३३ देतो. म्हणजे आतल्या माणसाचा भुर्दंड असे लांबचे घोडे खेळणारा साधा पंटर भरतो, फसवणूक झालेली नसतानाही. तेव्हा निदान एवढं करता येतं: आतल्या माहितीचा धोका जास्त असलेल्या रेसमध्ये, म्हणजे कधीच न पळालेल्या घोड्यांच्या किंवा अगदी खालच्या दर्जाच्या रेसमध्ये, लांबच्या भावांवर हात आवरता घ्यावा.

सुपारीफुटे

मग उरलं काय खेळायला?

गणितवेडी

मोठ्या रेस. तिथे पूल मोठा, तपासणी कडक, घोड्यांचा इतिहास उघडा.

रोकडा

अबलखरावांना माझा शेवटचा आक्षेप. "त्याच्याविरुद्धही लावायचं नाही" हे मला पटत नाही. तुमची शंका खरी असेल आणि नळ बंद झाल्याचं तुम्हाला वाटत असेल, तर त्याच्याविरुद्ध लावणं हाच तर पंटरचा फायदा. नुसतं बाहेर बसून काय मिळवलंत?

अबलख

नळ बंद झालाय की चालू आहे हे मला कळत नाही, म्हणून. वर गणितवेडी यांनी लिहिलंय तेच. आत्ता नळ चालू आहे असं समजून विरुद्ध लावलं नाही, उद्या थांबलाय असं समजून लावलं, दोन्ही वेळी मी अंदाजावर अंदाज रचतोय. अशा रेसमध्ये मला काय माहीत नाही ते मला माहीत आहे, एवढं पुरेसं आहे सोडून द्यायला. दिवसाला सात-आठ रेस असतात, दोन सुटल्या म्हणून आभाळ कोसळत नाही.

पंचकल्याणी

यात एक भर. शंका रेसच्या आधी लिहून ठेवा, तारखेसह. "हा घोडा नव्या तबेल्यात गेल्यावर पहिल्यांदाच पळतोय, आधीच्या वेळा बघता जिंकायचं कारण नाही, भाव पडतोय, शंका." मग निकाल लिहा. हरल्यावर आलेल्या शंका या वहीत घालायच्या नाहीत. हंगाम संपल्यावर बघा तुमच्या शंकेतले किती घोडे खरंच जिंकले. माझ्या वहीत असे घोडे भावाने सांगितलं त्याच प्रमाणात जिंकलेत, ना जास्त ना कमी. म्हणजे एकतर फसवणूक मला वाटते तेवढी नाही, किंवा बाजाराला ती माझ्याआधी कळते.

रोकडा

दुसरं असणार.

पंचकल्याणी

असेलही. दोन्ही बाजूंनी मला त्यात पैसे नाहीत.